काम पुढे, पैसे मागे

डागडुजी : वाचकांचे प्रश्न आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंता बाईंची उत्तरं

यंदाच्या गठ्ठ्यात बहुतेक पत्रं ठेकेदारांबद्दलची आहेत. एक तर चक्क ठेकेदाराचंच आहे, तेही घेतलंय. पत्रं लांबलचक होती, म्हणून मुद्द्यापुरती छापते. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

ताई, दोन बाथरूम आणि स्वयंपाकघराचा ओटा असं काम ३ लाख ४० हजारांना, माल-मजुरीसकट, एका ठेकेदाराला दिलं. विसार म्हणून १ लाख दिले. तोडफोड झाल्यावर ‘टाइल्स उचलायच्यात’ म्हणून ९० हजार नेले, मग ‘घरात लग्न आहे’ म्हणून ७० हजार. एक बाथरूम होत आलंय, दुसरं नुसतं उकरून ठेवलंय, ओट्याला हात लावलेला नाही. तीन आठवडे फोन उचलत नाही. करार नाही, एका कागदावर आकडे आहेत, पण सही नाही. शेजारच्या इमारतीतला गवंडी उद्यापासून यायला तयार आहे. लावू का?
— सिंहगड रस्ता, पुणे

उद्या नको. आधी झालेल्या कामाचा पुरावा करा, मग गवंड्याला आत घ्या. नव्या माणसाची थापी एकदा भिंतीला लागली की जुन्याने किती केलं होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन्ही बाथरूमचे आणि ओट्याच्या जागेचे फोटो आणि व्हिडिओ घ्या, टेप लावून घ्या. सिमेंटची पोती, टाइल्सची खोकी, पाइप, जो माल पडून आहे तो मोजून लिहा. शक्य असेल तर बाहेरचा एखादा स्थापत्य अभियंता बोलावून झालेल्या कामाचं मूल्यांकन त्याच्या सहीनिशी घ्या. त्याची फी जड वाटेल, पण पुढचं सगळं त्याच कागदावर उभं राहणार आहे.

मग ठेकेदाराला पत्र पाठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवाच, शिवाय स्पीड पोस्टानेही. मजकूर साधा ठेवा : अमुक तारखेला इतके दिले, काम इथे थांबलंय, सात दिवसांत सुरू करा, नाहीतर तुमच्या हिशेबाने दुसऱ्याकडून करून घेईन. शिव्या नकोत, ‘फसवणूक’ हा शब्दही नको. सही केलेला करार नसला म्हणजे हातात काहीच नाही असं नाही. यूपीआयच्या नोंदी, ‘टाइल्स उद्या येतात’ असे त्याचे निरोप, ते आकड्यांचं चिठोरं, हा सगळा पुरावाच असतो.

पत्र गेल्यावर पुष्कळ जण फोन उचलतात. उचलला तर भांडू नका, सौदा करा. उरलेला माल तुम्ही स्वतः दुकानातून आणा आणि त्याला फक्त मजुरी द्या, तीही शनिवारी, झालेल्या कामाची. नाहीच आला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ठेकेदार कुठलाही असो. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून बघा. पोलिसांत गेलात तर बहुधा ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकून परत याल.

आता लग्नाच्या ७० हजारांबद्दल. लग्न खरंही असेल. पण लहान ठेकेदाराची चाल अशी असते की तुमच्या विसारातून तो आधीच्या गिऱ्हाइकाच्या टाइल्स आणतो आणि तुमच्या टाइल्स पुढच्या गिऱ्हाइकाच्या विसारातून येतात. साखळीत एक गिऱ्हाईक कमी पडलं की शेवटचं बाथरूम उघडं राहतं, या वेळी ते तुमचं होतं. त्याच्या मनात पहिल्या दिवशी लबाडी असेलच असं नाही. म्हणून माणूस सज्जन वाटतो की नाही, यावर पैसे ठरवायचे नसतात. त्याच्या हातात तुमची रक्कम झालेल्या कामापेक्षा जास्त कधीच असू नये, एवढं पाहायचं.

पुढच्या गवंड्याशी असं ठरवा. सुरुवातीला दहा टक्के. तोडफोड होऊन नवीन पाइप बसले आणि भिंतीत गाडण्याआधी त्यांची दाबाची चाचणी झाली की दुसरा हप्ता. वॉटरप्रूफिंग झालं, न्हाणी ट्रॅपला बूच मारून जमिनीवर पाणी अठ्ठेचाळीस तास उभं राहिलं आणि खालच्या घराचं छत कोरडं निघालं की तिसरा. मग टाइल्सचा, मग नळ-भांड्यांचा. शेवटचे दहा टक्के महिनाभर अंघोळी झाल्यावर. टाइल्सखाली जाणारं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचे पैसे सुटता कामा नयेत. भिंतीवर वॉटरप्रूफिंग किती उंच घेणार हेही लिहून घ्या. जमिनीलगत फूटभर तर हवंच, शॉवरच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीएवढं.

आणि एका बाथरूमच्या टाइल्स लागल्याच आहेत तर रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ वाजणाऱ्यांवर पेन्सिलीने फुली मारा. मूल्यांकनात त्या ‘झालेलं काम’ म्हणून धरायच्या नाहीत.

आमचं घर वरच्या मजल्यावर. सोसायटीने दोन वर्षांपूर्वी गच्चीवर केमिकलचा कोट मारून घेतला, ‘दहा वर्षांची गॅरंटी’ म्हणाले. यंदा बेडरूमचं छत पुन्हा ओलं झालं, एका ठिकाणी प्लॅस्टर पडून सळ्या दिसतायत. सेक्रेटरी म्हणतात ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो सोसायटीला विचारा. आमचा रंगारी म्हणतो पीओपीचं सीलिंग करून टाका.
— डोंबिवली पूर्व

पीओपीचं सीलिंग अजिबात नको. सळी गंजली की फुगते आणि आपल्या अंगावरचं काँक्रीट ढकलून पाडते. ते झाकलंत तर पुढचा तुकडा पलंगावर पडेपर्यंत कळणार नाही. उघड्या सळ्यांभोवतीचं सुटं काँक्रीट काढायचं, सळ्यांचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा, गंजरोधक लावायचं आणि पॉलिमर घातलेल्या मॉर्टरने भरायचं. सळी फारच झिजली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मात्र हे सगळं वरून येणारं पाणी थांबल्यावर. आधी केलंत तर पैसे आणि गंज दोन्ही पुन्हा.

जबाबदारीचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये याचं उत्तर सरळ दिलंय : गच्चीतून, पावसाने, सामायिक पाइपांमधून होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने. सदस्याच्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी त्या त्या सदस्याच्या. ठेकेदाराशी करार सोसायटीचा आहे, तुमचा नाही, म्हणून त्याच्या मागे तुम्ही धावायचं कारणच नाही. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची. तोंडी तक्रार कमिटीच्या मीटिंगमध्ये पोहोचेपर्यंत ‘त्यांची नेहमीची कटकट’ होते.

आता ‘दहा वर्षांची गॅरंटी’. तो कागद मागवून वाचा. गॅरंटी कोण देतंय, रसायन बनवणारी कंपनी की कोट मारणारा ठेकेदार? कशाची देतंय, रसायनाची की गळती न होण्याची? ‘उत्पादन दोषमुक्त आहे’ एवढंच लिहिलं असेल तर डबा चांगला होता, इतकाच त्याचा अर्थ. ‘या मुदतीत गळती झाल्यास माल-मजुरीसह विनामूल्य दुरुस्ती’ असं वाक्य आणि त्याखाली काम करणाऱ्याची सही हवी. ते वाक्य नसेल तर पुढच्या वेळी कमिटीने ते लिहून घ्यावं. असेल तर सोसायटीने नोटीस द्यावी.

डोंबिवली-कल्याणकडच्या गच्च्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पाणी मधोमध क्वचितच शिरतं. ते शिरतं कठड्याच्या भिंतीच्या सांध्यातून, जिथे वाटा, म्हणजे सांध्यावरची सिमेंटची गोलाई, फुटलेला असतो. पावसाच्या पाइपच्या तोंडाशी. पाण्याच्या टाकीच्या पायांखालून. आणि आपले सभासद कोटाला गोळी घातल्यासारखी भोकं पाडून डिशचे आणि सोलर हीटरचे बोल्ट ठोकतात, तिथून. ठेकेदार नेमकं याच भोकांकडे बोट दाखवून गॅरंटी झटकेल आणि त्याचं काही अंशी बरोबर असेल. म्हणून नोटिशीआधी गच्चीवर एक फेरी मारा, कमिटीच्या दोघांना घेऊन, आणि भोकं कोणाची ते लिहून ठेवा.

दुसरी शक्यता अशी की जुन्या कोब्याखाली, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराखाली, पाणी साठलेलं असताना वरून कोट मारला गेला. मग ते पाणी वर जाऊ शकत नाही, खाली तुमच्याकडे येतं. तसं असेल तर आणखी एक कोट म्हणजे आणखी एक बिल. कोबा काढून नव्याने घालणं हाच उपाय, आणि तो महागडा असल्याने सर्वसाधारण सभेत वादावादी होणार. इमारत पंधरा वर्षांपुढची असेल तर उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट हवंच. तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी. तो अहवाल टेबलावर असला की वादावादी जरा मुद्द्यावर येते.

काम कोणाकडूनही करवून घ्या, पण ते मे महिन्यात उरकून गच्चीवर पाणी भरून तपासा. जूनमध्ये पाऊसच तपासणी करतो आणि तो कोणाला सवलत देत नाही.

मी ठेकेदार आहे. तुमचं सदर वाचतो, पण तुम्ही नेहमी गिऱ्हाइकाचीच बाजू घेता. एका घरी किचनचा ओटा दोनदा बदलायला लावला, खिडकीची जागा हलवली, रंगाची शेड बदलली. आता बिलातून ४५ हजार कापतायत. शिवाय प्लॅस्टरच्या मोजणीत दारं-खिडक्या वजा करा म्हणतात. हा कुठला न्याय?
— सांगली

दादा, या वेळी बऱ्याच अंशी तुमची बाजू घेते.

दारं-खिडक्यांचा नियम असा. बांधकामाच्या मोजणीचं भारतीय मानक आयएस १२०० आहे. त्यात प्लॅस्टरसाठी अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भगदाड वजा करत नाहीत. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतच्या उघडीपीसाठी, दोन्ही बाजूंना सारखंच प्लॅस्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट होते आणि बाजूच्या आणि वरच्या-खालच्या कडा यांची वेगळी मोजणी होत नाही. तीन चौरस मीटरपुढे दोन्ही बाजू वजा होतात आणि कडा वेगळ्या मोजून मिळतात. नेहमीची खिडकी मधल्या गटात बसते. म्हणजे ‘सगळं वजा करा’ म्हणणारे तुमचे मालक चुकीचे, आणि ‘काहीच वजा करायचं नाही’ म्हणणारे काही ठेकेदारही चुकीचे. हा नियम कोटेशनमध्ये एका ओळीत लिहा, वाद तिथेच मिटतो. ब्रास म्हणजे १०० चौरस फूट हेसुद्धा लिहा. शहरातल्या नव्या मालकांना ब्रास फक्त वाळूचा माहीत असतो, तोही १०० घनफुटांचा आहे हे माहीत नसतं.

बदलांचं मात्र तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल. ओटा पहिल्यांदा बदलला तेव्हा ‘चालेल साहेब’ म्हणालात ना? त्या ‘चालेल’मध्येच ४५ हजार गेले. मालक ओटा हलवतो तेव्हा त्याच्या डोक्यात ‘अजून सिमेंट ओलंच आहे, त्यात काय’ एवढंच असतं. तुमच्या डोक्यात दोन गवंडी, चार बिगारी आणि ग्रॅनाइटचा वाया गेलेला कट असतो. हे त्याला कळावं म्हणून त्याच संध्याकाळी निरोप टाकायचा : ‘आज सांगितल्याप्रमाणे ओटा सहा इंच सरकवतो, जादा खर्च इतका, दोन दिवस वाढतील, चालेल का?’ उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. गिऱ्हाईक रागावेल, पण शेवटच्या बिलाच्या वेळी रागावतं त्यापेक्षा कमीच.

आत्ताच्या ४५ हजारांसाठी, समोरासमोर बसून प्रत्येक बदलाची वेगळी ओळ असलेलं बिल ठेवा. फोटो असतील तर तारखेसह. मजुरांच्या हजेरीची वही आणा. एकरकमी ‘जादा काम ४५,०००’ असं लिहिलं तर कोणीही कापेल, मीसुद्धा कापलं असतं. नऊ ओळी लिहिल्या तर फार तर दोन ओळींवर वाद होतो.

मिस्त्री रोजावर लावावा की उक्तं द्यावं?
— अंबाजोगाई

काय निघेल ते माहीत नसेल तर रोजावर, माहीत असेल तर उक्तं. भिंत फोडल्यावर ओल कुठून येते ते शोधायचंय, अशा कामाचं उक्तं देणारा मिस्त्री एकतर दुप्पट सांगतो किंवा अर्ध्यात शोध थांबवतो. बारा बाय दहाच्या खोलीचं प्लॅस्टर मात्र उक्तंच द्या.

माल तुमचा असेल तर थोडा हिशेब ठेवा : आतलं १२ मिलिमीटर जाडीचं, एकास सहाचं प्लॅस्टर असेल तर ब्रासला साधारण पाऊण पोतं सिमेंट लागतं. अर्धंच लागलं तर खूश होऊ नका, वाळू जास्त पडतेय. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. आणि नव्या प्लॅस्टरला पाणी कोण मारणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. मिस्त्री संध्याकाळी जातो, पाणी कोणीच मारत नाही आणि भेगा पडल्या की दोघं सिमेंटला दोष देतात. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट असेल तर दहा दिवस तरी ओलं ठेवा. तुमच्याकडच्या उन्हात चौदा.

मी मस्कतला नर्स आहे. संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे, चिऱ्यांच्या भिंती आणि मंगलोरी कौलं. चुलतभाऊ देखरेख करतो, त्याच्यामार्फत ठेकेदाराला पैसे पाठवते. ठेकेदार म्हणतो, वासे सगळे वाळवीने गेलेत, कौलं काढून पत्रे घालू, स्वस्त पडेल. भावाला विचारलं तर म्हणतो, ‘तो सांगतो तसं कर.’ इथून काय करू?

सगळे वासे गेले असं फार कमी वेळा होतं. भिंतीत टेकलेली टोकं, वळचणीकडचा भाग आणि जिथे कौल फुटून वर्षानुवर्षं ठिबकलंय तिथले वासे जातात. मधले सागाचे, जुने असतील तर तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट असतात. भावाला सांगा, खडूने प्रत्येक वाशावर नंबर घाल, टोकाला आणि मधोमध स्क्रूड्रायव्हर टोचून बघ आणि नंबर दिसेल असा एकेक फोटो पाठव. टोच सहज आत गेला तो बदलायचा. टोचत नाही तो राहू द्या. ठेकेदाराच्या ‘सगळे’चे बहुधा दहा-बारा निघतील.

आणि विचारायला लाज वाटू देऊ नका : काढलेलं लाकूड कोणाचं? जुना साग किमती असतो. ‘राडारोडा आम्ही उचलू’ या वाक्यात वासे, आढं, जुन्या दारांच्या चौकटी आणि न फुटलेली कौलंही उचलली जातात. ‘काढलेला सर्व जुना माल मालकाचा, पडवीत रचून ठेवणे’ अशी ओळ करारात घाला. पत्र्यांचा आग्रह कशासाठी होता, ते या ओळीवरचा त्याचा चेहरा पाहून कळेल. तो चेहरा बघायला भाऊ हवा, हीच काय ती अडचण.

पत्रे वाईटच असं माझं म्हणणं नाही. देखभाल कमी, माकडांचा त्रास कमी. माकडांनी कौलं फोडून फोडून हैराण झालेली गावं तुमच्या बाजूला आहेत आणि तिथे लोकांनी पत्रे घातले ते शौक म्हणून नाही. पण पत्र्याखाली उन्हाळ्यात घर तापतं आणि पावसात बोलणं ऐकू येत नाही. निर्णय तुमचा, फक्त तो वाशांचे फोटो पाहून घ्या. दुसरं, भिंती बाहेरून सिमेंटने गिलावून ‘कायमचा बंदोबस्त’ करतो म्हणाला तर थांबवा. जांभा, म्हणजे तुमच्या भिंतींचा चिरा, ओल ओढतो आणि सोडतो. बाहेरून कोंडलीत तर ती आत येते आणि रंगाचे पोपडे काढते.

आता भावाबद्दल. भावकीत पैशाचं मला काही शिकवायला नको. ठेकेदाराचे पैसे त्याच्या खात्यावर थेट पाठवा, फोटो आल्यावर. भावाला त्याच्या येण्या-जाण्याचे आणि खोटीचे वेगळे पाठवा, आणि मोकळ्या हाताने पाठवा. तो फुकट राबतोय असं धरून चाललात तर तो ठेकेदाराशी गोडीने राहील, कारण रोज भेटणारा ठेकेदार आहे, तुम्ही नाही. गावातल्या एखाद्या निवृत्त सुताराला दोन वेळा बघून यायला सांगा, त्याचेही पैसे द्या.

शाकारणी मेअखेर संपायला हवी असेल तर लाकूड फेब्रुवारीतच आणून पडायला हवं. एप्रिल लागला की माणसं आंब्याकडे जातात, मग दुप्पट रोज देऊनही कोणी मिळत नाही.

ठेकेदार म्हणतो ‘बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर, नको तर रोख.’ काय करावं?
— नाशिक रोड

आधी त्याला जीएसटी नंबर आहे का ते बघा. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नाव दिसतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताच येत नाही. नंबर नसून १८ टक्के मागत असेल तर तो स्वतःसाठी मागतोय. त्याच्याकडून साधं, सही केलेलं, जीएसटी नसलेलं बिल घ्या. नंबर असेल तर कर भरून पक्कं बिल घ्या. रोखीत वाचवलेल्या पैशांबरोबर तुमची तक्रार करायची सोयही जाते.

वायरिंग बदलतोय. इलेक्ट्रिशियन म्हणतो जुनेच पाइप वापरू, वायर कुठलीही चालते.
— अकोला

पाइप मोकळे असतील तर चालतील. वायर कुठलीही चालत नाही. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर आणि एसीला चार, प्रत्येकाची स्वतंत्र लाइन, आणि सगळ्यांना अर्थिंग. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याच्यावरचं ‘टेस्ट’ बटण तुमच्यासमोर दाबायला लावा. माणूस परवानाधारक आहे ना ते पाहा. भिंतीतल्या खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी टेप धरून, फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना लागेल.